वाटी बसली, पण धरली का?

सिमेंट न वापरता खुब्याचा सांधा बदलायचा म्हटलं की रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते मांडीच्या बाजूला बसणाऱ्या गोळ्याबद्दल. सिरॅमिकचा की धातूचा, ३२ मिमीचा की ३६ चा, किती वर्षं टिकेल. कंबरेच्या हाडात बसणाऱ्या वाटीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. टेबलावर आमची सगळ्यात जास्त काळजी मात्र त्या वाटीपाशीच खर्च होते. मांडीच्या हाडात जाणारा दांडा पाचरीसारखा असतो, जितका खाली जाईल तितका घट्ट होतो. वाटीला तशी सोय नाही. हाडातल्या अर्धगोल खड्ड्यात (पुढे ‘वाटी’ म्हणतो ती हीच) अर्धगोल कप बसवायचा असतो, आणि त्याला कडेनं हाडाने धरलं तरच तो राहतो.

कपाची बाहेरची बाजू टायटॅनियमची आणि खरखरीत असते. तिच्यावर साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची छिद्रं असतात. त्या छिद्रांत हाड वाढून शिरलं की कप कायमचा बसला. याला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि तोवर कप हाडावर घासत राहता कामा नये. प्रत्येक पावलागणिक होणारी हालचाल ४० मायक्रॉनच्या आत असेल तर छिद्रांत हाड येतं. ती १५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि कप त्या पडद्यावर डुलत राहतो. वहीचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे बरं-वाईट ठरतं ते एका कागदाच्या जाडीवर. पहिल्या दिवशीची ही पकड म्हणजे प्राथमिक स्थैर्य, आणि कपाच्या छिद्रांतून हाडात मारायच्या स्क्रूचा सगळा विषय याच पकडीचा आहे.

स्क्रू कपाला भिंतीवरच्या फळीसारखा टांगून धरत नाही. नीट न बसलेला कप चार स्क्रू मारले म्हणून बसलेला होत नाही. कप वरच्या हाडावर दाबून ठेवणं, तो फिरू नये आणि एका कडेनं उचकटू नये एवढं पाहणं, हे स्क्रूचं काम. हे पक्कं असलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

काम एक्स-रेपासून सुरू होतं. दोन्ही खुबे दिसतील अशी समोरून काढलेली फिल्म हवी, आणि तीत खुब्याच्या पातळीवर ठेवलेला २५ मिमीचा धातूचा गोळा. त्या गोळ्यावरून फिल्म किती मोठी दिसते ते कळतं. वाटीच्या तळाशी थेंबाच्या आकाराची रेषा दिसते, तिला आम्ही टिअरड्रॉप म्हणतो. कपाची आतली कड तिच्या बाहेरच्या रेषेला लागेल आणि कप ४० अंशांनी कललेला असेल असा नमुना वर ठेवून माप काढायचं. हे माप एखाद-दुसऱ्या नंबरनं चुकू शकतं. म्हणून मांडीच्या हाडाचं डोकं कापून काढल्यावर त्याचा व्यास कॅलिपरनं मोजतो. डोकं फार झिजलेलं किंवा चपटं झालेलं नसेल तर कप त्याच्याहून साधारण ४ मिमी मोठा लागतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर रीमर (वाटी गोल कोरणारं हत्यार) हातात घेण्याआधी थांबून कारण शोधायचं.

वाटी उघडल्यावर कडेची गादी आणि तळातली चरबी पूर्ण काढावी लागते. घाईत ही चरबी थोडी राहते, आणि मग रीमर खऱ्या तळापर्यंत गेलाच नाही हे लक्षात येत नाही. खाली वाटीचं तोंड बांधणारा आडवा अस्थिबंध शाबूत ठेवायचा. कप पुढे किती वळवायचा याचा तो चांगला खुणेचा दगड आहे. लेविनेक यांनी १९७८ मध्ये ठरवलेल्या कपाच्या कोनांच्या मर्यादा (कल ४० अंश, पुढचं वळण १५ अंश, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे) सगळ्यांना पाठ असतात. पण कुशीवर झोपवलेल्या रुग्णाची कंबर टेबलावर पुढे लोळली तर हे आकडे फसवतात, अस्थिबंध फसवत नाही.

रीमिंग लहान मापापासून, म्हणजे ४४ मिमीच्या आसपास सुरू करतो. पहिला रीमर तळाच्या दिशेनं, सरळ आत. खरा तळ दिसला की मग कपाच्या कोनात वळायचं आणि २-२ मिमीनं, शेवटी १-१ मिमीनं वाढवत जायचं. प्रत्येक रीमरनंतर धुऊन बघायचं. हवं ते असं: कडेला पुढच्या आणि मागच्या दोन्ही भिंतींवर रीमर सारखा लागतोय, तळात बारीक रक्ताचे ठिपके येताहेत, आणि कूर्चेखालचं टणक हाड बऱ्यापैकी शिल्लक आहे. ते टणक हाड खरवडून आतलं जाळीदार हाड पूर्ण उघडं पाडलं तर कपाचा आधारच गेला.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे रीमर हलवत राहणं. हाताचा कोन प्रत्येक वेळी थोडा बदलला की खड्डा गोल न राहता लांबट होतो, आणि लांबट खड्ड्यात गोल कप दोनच ठिकाणी टेकतो. दुसरी चूक बोथट रीमरची. दात झिजलेला ५१ चा रीमर ५१ चा खड्डा करत नाही. तो हाड दाबतो, तापवतो आणि कमी कापतो. मग ५२ चा कप अर्ध्यावर अडकतो आणि दोष ठोकण्याला दिला जातो.

शेवटचा रीमर कपापेक्षा किती लहान ठेवायचा? आमचा साधारण नियम १ मिमी: ५२ च्या कपासाठी ५१ पर्यंत रीमिंग. हाड तरुण आणि फार कडक असेल तर कपाच्याच मापापर्यंत रीमिंग करून स्क्रूचा आधार घेणं जास्त सुरक्षित असतं. १९८० च्या दशकातल्या हॅरिस-गॅलांटे कपाची मूळ पद्धत हीच होती, सारख्याच मापाचा खड्डा आणि वर अनेक स्क्रू. २ मिमी किंवा त्याहून लहान खड्डा केला की पकड वाढते, पण कप पूर्ण आत न जाण्याची आणि कड तडकण्याची भीतीही वाढते. ठिसूळ हाडात ही भीती खरी ठरते. शिवाय काही कपांचा व्यास कडेला छापील मापाहून जास्त असतो. डब्यावर ५२ लिहिलेलं असतं आणि कडेला प्रत्यक्षात १ ते २ मिमी जास्त भरतात. आपण वापरतो त्या कपाचा तक्ता वाचल्याशिवाय ‘१ मिमी कमी’ या बोलण्याला अर्थ नाही.

ठोकण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची, जी नवशिक्यांकडून हमखास राहते. स्क्रूची छिद्रं कपाच्या एकाच बाजूला झुबक्यानं असतात. तो झुबका वर आणि मागे आला पाहिजे. कप ठोकायच्या दांडीवर चढवतानाच तो फिरवून लावायचा आणि दांडीवरची खूण कुठे येते ते सहायकाला मोठ्यानं सांगायचं. कप घट्ट बसल्यावर छिद्रं पुढे आली आहेत असं दिसलं तर दोनच वाटा उरतात: छान बसलेला कप उखडायचा किंवा स्क्रूचा विचार सोडायचा. दोन्ही वाईट.

मग ठोकणं. पहिले घाव हलके, फक्त कोन धरण्यासाठी. कोन पटला की जोर वाढवायचा. कप जात असतो तोवर आवाज पोकळ येतो आणि प्रत्येक घावाला कड थोडी पुढे सरकताना दिसते. पूर्ण बसला की आवाज एकदम बदलतो, बारीक आणि भरीव होतो, आणि घाव दांडीतून मनगटात परत येतो. तिथे थांबायचं. ‘अजून एक’ म्हणून मारलेल्या घावानंच कड तडकते. कपाच्या मध्यावरच्या छिद्रातून तळ बघायचा, हवं तर बारीक हुक घालून कप आणि हाड यांत किती अंतर राहिलं ते मोजायचं. १ मिमीच्या आतली पोकळी हाड भरून काढतं. ३ मिमी असेल तर कप कडेवर अडकलाय. तो काढून कडेचा खड्डा अर्धा-एक मिलिमीटर वाढवून पुन्हा बसवायचा.

आता परीक्षा. दांडी कपाला जोडलेलीच असते. ती वर-खाली, पुढे-मागे नेटानं हलवायची आणि थोडी पिळायची. नजर दांडीवर नाही, कपाची कड आणि हाड जिथे भेटतात त्या रेषेवर ठेवायची. कप धरला असेल तर रुग्णाची अख्खी कंबर दांडीबरोबर हलते. धरला नसेल तर त्या रेषेतून रक्ताचा बुडबुडा येतो आणि आत जातो. डोळ्यांना हालचाल दिसण्याआधी हा बुडबुडा दिसतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगून टेबल स्थिर करून ही परीक्षा दोनदा करावी, तिला एक मिनिटही लागत नाही.

कंबर हलली, रेषा कोरडी राहिली आणि हाड चांगलं आहे, तर आम्ही स्क्रू मारत नाही. बरेच अनुभवी सर्जन अशा वेळीही एखादा स्क्रू घालतात, आणि त्यात चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही. आमचा हात आखडतो तो दोन कारणांनी. प्रत्येक छिद्र पाडताना आतल्या रक्तवाहिन्यांचा धोका असतो. शिवाय स्क्रूच्या छिद्रांमधून कपाच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे लायनरच्या, प्लॅस्टिकच्या (पॉलिथिलीनच्या) झिजेचे कण कपामागच्या हाडात जातात आणि हाड पोखरतात. जुन्या पॉलिथिलीनच्या काळात हे फार झालं. आताच्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची झीज इतकी कमी आहे की दुसरं कारण बरंच सौम्य झालंय, पहिलं मात्र जसंच्या तसं आहे. तरी आम्ही बिनछिद्रांचा कप शक्यतो वापरत नाही. परीक्षेत कप हलला तर त्या कपाला स्क्रूची वाटच नसते.

स्क्रू हवेतच अशी हाडं ओळखीची असतात: संधिवातानं मऊ झालेली, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसनं (कणा आणि सांधे आखडवणाऱ्या आजारानं) वर्षानुवर्षं आखडून पडलेल्या रुग्णांची, आत धसलेली वाटी, जन्मतः उथळ वाटी जिथे कपाचा वरचा-बाहेरचा भाग उघडा राहतो, जुन्या फ्रॅक्चरनं वाकडी झालेली वाटी, आणि हाडाचा चुरा भरावा लागलेली कोणतीही वाटी. आपल्याकडे खुबा बदलणाऱ्यांत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेले चाळिशीच्या आतले रुग्ण बरेच असतात. त्यांची वाटी बहुधा टणक असते, आणि तिथे प्रश्न कमी पकडीचा नसून कप पूर्ण आत न जाण्याचा असतो.

स्क्रू कुठे मारायचा हे १९९० मध्ये वासिलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी सोप्या आखणीत बसवलं. कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून वाटीच्या मध्यातून खाली एक रेषा, आणि मध्यावरच तिला काटकोनात दुसरी. वाटीचे चार चतकोर होतात. मागचा-वरचा चतकोर सगळ्यात भरवशाचा, हाड सगळ्यात जाड. घड्याळाच्या भाषेत, रुग्ण उभा आहे असं समजून बाहेरून पाहिलं, तर उजव्या खुब्यात १० ते १२ आणि डाव्यात १२ ते २. मागच्या-खालच्या चतकोरातही स्क्रू चालतो, पण आखूड. पुढच्या-वरच्या चतकोराच्या आत बाह्य इलियाक धमनी आणि शीर हाडाला जवळजवळ चिकटून जातात. पुढच्या-खालच्या भागात ऑब्च्युरेटर नस आणि रक्तवाहिन्या आहेत. पुढच्या दोन्ही चतकोरांत पहिल्या शस्त्रक्रियेत आम्ही स्क्रू मारत नाही, छिद्र कितीही सोयीचं दिसलं तरी. मागचा भाग सुरक्षित म्हणतात तोही पुढच्याच्या मानानं. तिथे सायटिक नस आणि वरच्या ग्लुटिअल रक्तवाहिन्या आहेत. म्हणून कंबरेच्या हाडाच्या मागच्या खाचेत एका हाताचं बोट ठेवून ड्रिल करायचं, बिट बाहेर आलं तर आधी बोटाला कळतं.

बहुतेक संचांत स्क्रू ६.५ मिमी जाडीचे, स्वतःच आटे पाडत जाणारे, लांबी ५-५ मिमीनं वाढत जाणारी. त्यासाठी ३.२ मिमीच्या आसपासचं लवचीक दांडीचं ड्रिल बिट आणि ते वाकड्या जागेत धरणारा गाइड. गाइड छिद्रात पूर्ण टेकलेला हवा. तो तिरका राहिला की स्क्रू तिरका जातो आणि त्याचं डोकं एका बाजूनं वर राहतं. ड्रिल चालू करूनच हाडाला लावायचं आणि न रेटता पुढे न्यायचं. जाळीदार हाडातून जाताना आवाज मऊ असतो, पलीकडच्या टणक थराला लागलं की तो चढतो. तिथे ड्रिल थांबवून खोली मोजणारं डेप्थ गेज घालायचं. गेजला तळ लागला तर तेवढ्याच लांबीचा किंवा ५ मिमी कमी स्क्रू. गेज आत जातच राहिलं तर पलीकडचा थर फुटलेला आहे. मग गेजचा हुक त्या थराच्या कडेला अडकवून माप घ्यायचं आणि लांबी आखूड बाजूला झुकवायची. मागच्या-वरच्या भागात आम्हाला बहुधा २५ ते ३५ मिमी लागतात. मागच्या-खालच्या भागात २० ते २५ च्या पुढे सहसा जात नाही.

स्क्रू पिळताना हात बदलायचा. सुरुवातीला मुठीनं, शेवटचे दोन-तीन फेरे तीन बोटांनी. डोकं कपाला टेकल्यावर घट्टपणा झपाट्यानं वाढतो, आणि चांगल्या हाडात त्यानंतर पाव-अर्धा फेराच उरतो. मऊ हाडात नेमका याच जागी घात होतो. बोटांना वाटतं अजून घट्ट होतंय, आणि पुढच्या क्षणी स्क्रू मोकळा फिरतो, आटे तुटलेले असतात. तसा स्क्रू ठेवून उपयोग नाही. काढून थोड्या वेगळ्या कोनात किंवा शेजारच्या छिद्रातून नवा मारायचा. उलट फार कडक हाडात ३.२ चं छिद्र पुरत नाही. स्क्रू अर्ध्यावर अडतो, जोर लावला तर डोक्यातली षटकोनी खाच घासली जाते किंवा मान तुटते. अशा वेळी बिटचा नंबर वाढवावा किंवा आधी आटे पाडणारा टॅप फिरवावा.

एकच स्क्रू एका कडेला आवळला तर कप तिकडे ओढला जातो आणि समोरची कड उचलली जाते. म्हणून स्क्रू दोन असतील तर आधी दोन्ही टेकवायचे आणि मग आळीपाळीनं आवळायचे. दोन्ही एकमेकांपासून फाकलेल्या दिशांना गेले तर उचकटण्याला जास्त विरोध होतो. आवळल्यावर कोन पुन्हा बघायचा. दोन बहुधा पुरतात. तिसऱ्याची गरज वाटली तर मुळात कप नीट बसलाय का हे आधी तपासायचं. पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेत, हाडाचा मोठा भाग गेलेला असताना, हिशेब वेगळा. तिथे अनेक छिद्रांचा कप घेऊन खाली बैठकीच्या हाडातही स्क्रू न्यावे लागतात, कारण सगळे स्क्रू वरच असले तर कप खालून उघडतो.

रक्तवाहिनीला इजा झाली तर रक्त समोर दिसेलच असं नाही, ते आत ओटीपोटात जमा होतं. जखम कोरडी आणि रक्तदाब घसरतोय, नाडी वाढतेय, हे पहिलं लक्षण बऱ्याचदा भूलतज्ज्ञांना दिसतं. त्यामुळे ड्रिल करायच्या आधी त्यांना सांगण्याची पद्धत ठेवावी. छिद्रातून रक्ताची धार आली तर छिद्र बंद करून दाब ठेवायचा, रक्त मागवायचं आणि व्हॅस्क्युलर सर्जनला लगेच बोलवायचं, ‘थोडं बघू’ म्हणून वेळ घालवायचा नाही.

लायनर घालण्याआधी कपाच्या आतून बोट फिरवायचं. प्रत्येक स्क्रूचं डोकं आतल्या पृष्ठभागाच्या खाली गेलेलं हवं. केसभर वर असेल तर लायनर एका बाजूनं बसत नाही, त्याचं कुलूप अर्धवट लागतं, आणि पुढे मागची बाजू घासत राहते. सिरॅमिकचा लायनर असेल तर तिरका बसून तो फुटूही शकतो. कपाच्या कडेवर मऊ भागाची दोरी किंवा हाडाचा कण अडकला तरी हेच होतं. धुवा, पुसा, बोट फिरवा, मगच लायनर ठोका, आणि कड सगळीकडे सारखी दिसते का ते बघा.

ठोकताना कड तडकलीच तर आधी कप हलवून पाहायचा. तडा बारीक असेल आणि कप स्थिर असेल तर दोन-तीन स्क्रू आणि सहा आठवडे मर्यादित वजन एवढ्यावर बहुधा भागतं. वाटीमागचा हाडाचा खांबच हलत असेल तर प्लेट लावावी लागते. न दिसलेला तडा सर्वांत वाईट, कारण तो रुग्ण दुसऱ्या दिवशी पूर्ण वजन टाकून चालतो.

पकड चांगली असलेल्या रुग्णाला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरनं उभं करतो. पहिले सहा आठवडे उकिडवं बसणं, मांडी घालणं, देशी संडास आणि खालच्या पाटावर बसणं बंद. सांधा निखळेल ही एक भीती असतेच. शिवाय पाय फार दुमडला की मांडीतल्या दांड्याची मान कपाच्या कडेवर आपटते आणि कपाला तरफेसारखं उचकटते, अजून हाड शिरलेलं नसताना.

पहिल्या दिवसाच्या फिल्मवर डी ली आणि चार्नली यांनी कपाभोवती आखलेल्या तीन विभागांत कपामागची पोकळी बघून नोंदवतो. मधल्या विभागातली बारीक काळी फट बऱ्याचदा पहिल्या वर्षात भरते. वाढत जाणारी फट, स्क्रूभोवती काळी कडा, तुटलेला स्क्रू किंवा बदललेला कोन यांचा अर्थ कप धरलेला नाही. विशेष तंत्रानं मोजलेल्या फिल्मांत दोन वर्षांत कप वर सरकण्याची मर्यादा ०.२ मिमीपर्यंत ठीक, १ मिमीच्या पुढे नापास मानतात. साध्या फिल्मवर इतकं बारीक दिसत नाही, २-३ मिमी सरकल्यावरच खात्रीनं सांगता येतं. म्हणून तुलना महत्त्वाची: सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष, दर वेळी टिअरड्रॉपपासून कपाच्या खालच्या कडेचं अंतर त्याच पद्धतीनं मोजायचं.

या सगळ्याला पहिल्या दिवसाची फिल्म लागते. गावाहून आलेले रुग्ण वर्षानं येतात तेव्हा नवी फिल्म असते आणि पहिली घरी राहिलेली असते, किंवा घडी घालून ठेवल्यामुळे कपावरच रेघ उमटलेली असते. डिस्चार्जच्या वेळी ती सपाट पाकिटात देतो, खिडकीच्या उजेडासमोर धरून मोबाइलवर तिचा फोटो काढून घ्यायला सांगतो, आणि कपाचं माप, लायनर आणि स्क्रूंची लांबी असलेले डब्यांवरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डाच्या मागे चिकटवतो.